उरलेले दिवस झोळीवर

आमच्या नवी मुंबईत थंडी पडली म्हणजे काय होतं? डिसेंबरात तीन-चार दिवस लोक पंखा पाचवरून दोनवर आणतात, कानाला रुमाल बांधतात आणि ‘काय गारठा पडलाय ना’ असं एकमेकांना सांगून घेतात. संपली थंडी. अशा ठिकाणी एक माणूस बारा महिने तेरा त्रिकाळ कडाक्याच्या थंडीत जिवंत कसं राहायचं याची तयारी करत होता, भर मे महिन्यातसुद्धा करत होता, आणि माझी खुर्ची नेमकी त्याच्या टेबलासमोर होती.

मी तेव्हा महाप्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेटचं रजिस्टर लिहायचे. गाडी कधी आली, कधी गेली, कोण आत, कोण बाहेर. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, मी बावीस वर्षांची होते आणि शिरवण्याहून डबा घेऊन यायचे. मटार, आइस्क्रीम, सुरमई, सगळं एका छपराखाली वेगवेगळ्या चेंबरांत ठेवलेलं असायचं. तीन नंबरचं चेंबर सगळ्यात गार, उणे अठरा. त्या चेंबरचे स्टोअरकीपर म्हणजे हे गृहस्थ. साताऱ्याकडच्या दुष्काळी भागातले, पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे, पण मिशी दोन माणसांना पुरेल एवढी. मी त्यांना काका म्हणायचे.

काका खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीला तळहात टेकवायचे, डोळे मिटून अंदाज घ्यायचे आणि मग तागाचं पोतं चौघडी करून बुडाखाली घालायचे. बाहेर अंगाची लाही होत असायची.

मी एकदा विचारलं, “काका, पोत्यानं घाम नाही का येत?”

“येतो की. पन सवय मोडता कामा नये. थंडी वरनं पडत न्हाई, पोरी. थंडी खालनं येती.”

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. दिवसातून दहा वेळा. पार कंपनीभर झालं होतं ते. चहा गार आला की कॅन्टीनवाला म्हणायचा, काय करू, थंडी खालून आली. मॅनेजर साहेबांनी कुणाला झापलं की लोडर म्हणायचे, आज वरून आली. काकांना त्याचं काही नव्हतं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण त्यांना अर्धवट वाटायची. “पायांचं काय घेऊन बसलाय? अंथरूण बघून पाठ टेकावी, असं पायजे. पांघरूण चारचौघांना दिसतं, म्हनून लोक पांघरुनाचं बोलत्यात. अंथरूण कुनी बघत न्हाई.”

बाकीचे नियमही होते. घाम येऊ द्यायचा नाही, घाम म्हणजे ओली थंडी. ओले मोजे घालून झोपायचं नाही. आडवं व्हायच्या आधी गूळ-शेंगदाणे खायचे, म्हणजे पोटातली चूल पेटती राहते. तोंडावर पांघरूण ओढायचं नाही, श्वासाच्या वाफेनं ते भिजतं. आणि लघवी लागली तर अडवायची नाही, अंगातली ऊब ती गरम ठेवण्यात वाया जाते. हा शेवटचा नियम ते जेवतानासुद्धा सांगायचे.

हे सगळं कशासाठी, तर हिमालयात बांधायच्या झोळीसाठी. ‘हिमालय’ आणि ‘झोळी’ हे शब्द शेजारी ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर भिक्षेची झोळी आली असेल तर आधीच सांगते, पुढं तीच भानगड झाली. काकांची झोळी म्हणजे दोन झाडांना दोन टोकं बांधायची आणि मधे आपण लोंबकळत झोपायचं. त्यांना हिमालयात, बर्फात, अशा झोळीत एकदा झोपायचं होतं. तंबू नको, खोली नको, झोळीच पाहिजे.

ती झोळी माझ्या बाबांनी विणून दिली. बाबा खाडीत मासे मारायचे, जाळी घरीच विणायचे. काका एका रविवारी आमच्याकडे शिरवण्याला मापं घेऊन आले. आई ओट्यावर बसून मिशीपासून चपलांपर्यंत त्यांना न्याहाळत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“दादा, तुमाला घरान पलंग नाय का?”

“पलंग हाय, वहिनी. मला एक बघायचंय.” आणि मग काकांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, जसं कुणी बसचा नंबर सांगावा. “आई उसाच्या तोडीला जायची. माझा थोरला भाऊ तवा तान्हा हुता. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात त्याला निजवायची. पौषातली थंडी. दिवस वर आल्यावर पाजायला गेली तर पोर गार पडल्यालं. लोक म्हनले, पांघरूण घातलं न्हाई हिनं. आमची आजी मरंस्तवर तिला तेच बोलली. आई सांगायची, तीन घातली हुती. कुनाला पटलं न्हाई. मी झालो तवा तिनं काय केलं, वरची पांघरुनं ऱ्हाऊ दिली आन् झोळीच्या खालनं वाकळ बांधली. मी जगलो.”

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाडजूड गोधडी.

“आता आई बी न्हाई,” काका म्हणाले. “पन मला एकदा बघायचंय. तसल्या थंडीत झोळीत पडायचं, वर तीन पांघरुनं, खाली काय न्हाई. थंडी लागती का न्हाई. आई खरं बोलत हुती का न्हाई. बास.”

बाबांनी त्या दिवशी प्रत्येक गाठ दोनदा मारली. मलाही फार वाईट वाटलं. पण सोमवारी काका पुन्हा पोतं घालून बसले, डब्याच्या वेळी लघवीचा नियम सांगितला, आणि माझं वाईट वाटणं ओसरलं.

झोळी आल्यापासून जेवणाच्या सुट्टीत सराव सुरू झाला. एक वाजून दहा मिनिटांनी काका चेंबर तीनमध्ये शिरायचे आणि दोन रॅकना झोळी बांधून, खालून वाकळ लावून आत पडायचे. त्या चेंबरचं दार आतून उघडायचा खटका बिघडलेला होता. काका दर सोमवारी त्याची तक्रार लिहायचे आणि मॅनेजर साहेब दर मंगळवारी उत्तर द्यायचे, “प्रपोजल खालून आलं पाहिजे, मग वर पाठवतो.” तक्रार खालूनच आली होती, पण ती प्रपोजल नव्हती. म्हणून काका दारात लाकडाची पाचर ठोकून जायचे. वर माझ्या रजिस्टरात लिहायचे, ‘आत गेलो. दोनपर्यंत बाहेर नसलो तर दार उघडणे.’ दोनला मी जाऊन हाक मारायची. एका गाठीवर भरवसा ठेवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी गॅलरीत झोळी बांधून पडले तरी बायकोला तोच निरोप असायचा, दोन वाजता उठव.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. खालची वाकळ सोडून ते कधीच झोळीत पडले नाहीत. विचारलं की म्हणायचे, “ते तिकडं गेल्यावर.”

आता माझं पाप सांगते. रजेचा अर्ज काकांनी तोंडी सांगितला आणि अक्षर चांगलं म्हणून मी लिहून काढला. त्यांनी सांगितलेलं वाक्य असं: ‘माझे रजेचे उरलेले दिवस हिमालयात झोळीत काढण्याचा माझा निश्चय झाला आहे, तरी मला सोमवारपासून मोकळे करावे.’ फेअर कॉपी करताना ‘रजेचे’ हा शब्द माझ्याकडून गळला. आणि ‘झोळीत’ हे मला तान्ह्या बाळासारखं वाटलं, म्हणून मी शहाणपणानं ‘झोळीवर’ केलं. साहेबांच्या टेबलावर गेलं ते असं: ‘माझे उरलेले दिवस हिमालयात झोळीवर काढण्याचा माझा निश्चय झाला आहे, तरी मला सोमवारपासून मोकळे करावे.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. हा माणूस टाय लावायचा, कमरेला पेजर अडकवायचा आणि पेजर वाजला की सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं उशिरा बंद करायचा. तो गहिवरला. “आपण इथे टार्गेटच्या मागे धावतोय,” तो मला म्हणाला, “आणि आपल्यातला एक माणूस बघ कुठे पोचला.” मी म्हटलं, हो सर. मला वाटलं, हिमालयात पोचला असं म्हणतायत.

काका सांगायला गेले की कधी निघणार, कधी येणार, तर साहेब हात जोडून म्हणाले, “काही बोलू नका. अशा वेळी मौनच बरं.” काकांना वाटलं, रजा इतक्या मायेनं मंजूर होते हे आजवर आपल्याला ठाऊकच नव्हतं. लोडर येऊन पाया पडायला लागले. काका म्हणायचे, “आरं, जाऊन तर येऊ दे.” असिस्टंट स्टोअरकीपर दोनदा त्यांच्या खुर्चीवर बसून बघून गेला, पोतं बाजूला काढून. काकांना ‘बुवा’ हे नाव तेव्हाच पडलं.

शनिवारी निरोप समारंभ ठेवला. ऑफिसात पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. काकांच्या बायकोला बोलावलं होतं. त्या आल्या त्या थेट काखेत वाकळ घेऊन. ती आदल्या आठवड्यात धुवायला घरी नेलेली होती. त्यांच्यामागून त्यांचा भाऊ आला. वाशीच्या मार्केटात माथाडी, दोन्ही दंड नारळाएवढे. त्याला एका ट्रक ड्रायव्हरकडून बातमी लागली होती, तुझे दाजी साधू झाले.

साहेबांनी काकांना शाल घातली, नारळ दिला आणि भाषण सुरू केलं. “गृहस्थाश्रमाचा त्याग करून...”

“कुनी केला?” काकांनी विचारलं.

मेहुणा उभाच राहिला. “दाजी, ते ऱ्हाऊ द्या. माझ्या बहिनीचं काय ते आधी सांगा.”

“तिचं काय? पंधरा दिसांनी येतोय की मी.”

साहेबांनी खिशातून अर्ज काढून मोठ्यानं वाचला. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडात वेलची आहे का ते बघत होते. हळूहळू सगळा उलगडा झाला आणि सगळ्यात जास्त दुखावले ते साहेब. तीन पानांचं भाषण वाया गेलं होतं, आणि हेड ऑफिसला फोन करून त्यांनी वैराग्याची बातमी आधीच देऊन टाकली होती.

“मग झोळी कशाला?” ते जवळजवळ ओरडले.

“झोपायला.”

“बर्फात? लोंबकळत? अहो, मरेल माणूस! असल्या वेडेपणाला मी रजा देणार नाही. नाही म्हणजे नाही!”

काकांचा चेहरा इतका पडला की मला माझ्या अक्षराचा राग आला. मग त्यांनी शाल आवळली. “पंधरा मिंटं आत चला साहेब. दाखवतो. मग काय ते ठरवा.”

साहेब तरातरा निघाले. मेहुणा निघाला. मीही निघाले, कारण चुकीची भरपाई म्हणून काहीतरी करावंसं वाटत होतं. काकांच्या बायकोनं वाकळ नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मी न्हाई त्या बर्फात यायची.” काका त्यांना जाता जाता म्हणाले, “दोन वाजता.” त्या म्हणाल्या, “ठावं हाय.” लोडर पुऱ्यांच्या दुसऱ्या वाढपाला लागले होते. काकांनी सवयीनं माझ्या रजिस्टरात वेळ लिहिली. एक दहा.

चेंबरात शिरताना काकांनी दारात पाचर ठोकली. सगळ्यात शेवटी साहेब आले. “हे लाकूड कुणी ठेवलंय इथे? थंड हवा जाते सगळी,” असं म्हणून त्यांनी बुटानं पाचर उडवली. दार मागून आलं आणि बसलं. खट्.

साहेबांनी खटका ओढला. खटका त्यांच्या हातात आला.

“कोणीतरी येईल,” ते म्हणाले. “रजिस्टरात रोज ‘दोनपर्यंत’ असतं ना, दोन वाजता कोण बघायला येतं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. दोन वाजता दार उघडायचं काम माझं होतं, आणि मी आत होते. चेंबरचे पंखे इतके घोंघावत होते की दार बडवून बाहेर काही ऐकू गेलं नसतं. साहेबांनी पेजर काढला, पण पेजरवर निरोप येतो, जात नाही.

मेहुणा खांद्यानं दार रेटायला लागला. काका कडाडले. “पाव्हनं, थांबा! घाम आला तर मराल.” तो एवढा गडी, पण थांबला. पुढची पन्नास मिनिटं त्या चेंबरात एकच साहेब होते, आणि ते टाय लावणारे नव्हते.

काकांनी मटारची रिकामी खोकी चपटी करून जमिनीवर थरावर थर घातले. लोखंडाला हात लावायचा नाही, टेकायचं नाही. कंपनीचं एकच जाड जाकीट आत लटकत होतं, ते मला घातलं. साहेबांचा शर्ट भाषणाच्या घामानं ओला होता. काकांनी तो काढायला लावला, आपला बनियन त्यांना घातला, वरून सत्काराची शाल गुंडाळली, रॅकवर ठेवलेली झोळी बांधून त्यांना तिच्यात चढवलं आणि झोळीच्या खालून वाकळ आवळून बांधली.

साहेबांचे दात वाजत होते. “अहो, वर घाला काहीतरी! वर!”

“वरचं मागनं बघू, साहेब. आधी खालचं.”

खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी निघाली, ती चौघांत वाटली. आम्ही तिघं खोक्यांवर एकमेकांना चिकटून बसलो. काकांच्या अंगात आता नुसता शर्ट होता. हात काखेत, पाय सतत हलते. थोड्या वेळानं झोळीतून बारीक आवाज आला.

“मला जरा जायचं आहे.”

“अडवू नका,” काका म्हणाले.

“अहो, मुलगी आहे इथे!”

“तिला नियम पाठ हाय.”

मी मटारच्या खोक्यांकडे तोंड केलं. आइस्क्रीमची एक रिकामी बादली कामी आली. सोमवारी रजिस्टरात ‘एक बादली खराब’ अशी नोंद मीच केली आणि कारणाचा रकाना कोरा ठेवला.

मग माझी बोटं आधी दुखली, नंतर दुखायची थांबली, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली. मी काकांना म्हटलं, “काका, बाहेर सगळे जेवतायत. एक गाठ पाचरीची होती, दुसरी माझी. दोन्ही सुटल्या.”

काकांचे ओठ निळे पडले होते. तरी मिशीतून हसले. “तिसरी हाय,” म्हणाले.

ऑफिसात काय घडलं ते मला नंतर कळलं. भिंतीवरच्या घड्याळात दोनला दोन कमी होते तेव्हा काकांची बायको उठली. असिस्टंट म्हणाला, “वहिनी, येतील की, पुरी घ्या.” त्या म्हणाल्या, “दोन वाजलं.” तो म्हणाला, “बुवा आहेत ते, त्यांना काय होतंय.” त्यांनी त्याच्या हातातली पुरी काढून ताटात ठेवली आणि म्हणाल्या, “दार कुठनं उघडत्यात ते दाखव. आत्ता.”

दार उघडलं. उकाड्याची झुळूक आत आली, आणि महाप्याच्या उकाड्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची माया केली. काकांच्या बायकोनं नवऱ्याला बघितलं, शर्टावर कुडकुडत बसलेला. मग झोळीत बघितलं. तिथं शाल गुंडाळलेले मॅनेजर साहेब, खाली त्यांची वाकळ.

“माझी वाकळ ह्यांना का?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि पदरानं काकांचे कान चोळायला लागल्या. कान चोळता चोळता रडल्या.

सोमवारी नोटीस लागली. ‘शीतकक्षात झोळी बांधण्यास सक्त मनाई आहे.’ खटक्याचा, पाचरीचा, बादलीचा कशाचाही उल्लेख नव्हता. सगळ्यावर नीट पांघरूण घातलं होतं. नवा खटका मात्र त्याच दिवशी बसला, प्रपोजलशिवाय. आणि काकांची रजा मंजूर झाली. साहेबांनी सही केली आणि मान वर न करता म्हणाले, “खाली काहीतरी घालून झोपा.”

काका बायकोला घेऊन गेले. दोन वाजता उठवणारं माणूस लागतं, म्हणून.

परतल्यावर मी त्यांच्या घरी गेले, पेढे घेऊन. काका गॅलरीत बसले होते, बुडाखाली पोतं. मी काकूंना विचारलं, “मग? झोपले का झोळीत?”

“कुठलं!” काकू म्हणाल्या. “वर गेलो तर एक झाड न्हाई बघ. सगळा बर्फ. आयुष्यभर तयारी केली आन् बांधायला झाड न्हाई. मग खाली येऊन एका म्हातारीच्या ओसरीला दोन खांब हुते, त्याला बांधली. पहाटंची वेळ. वर तीन रजया घेतल्या, आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, सांगायच्या तेवढ्या. आन् खालची वाकळ सोडायची म्हनली, तर ह्यांचा हात गाठीवनं हलंना.”

मी काकांकडे पाहिलं. ते खाली रस्त्याकडे बघत होते.

“मग?”

“मग मीच वाकळ सोडली आन् पडले. ह्यांना म्हनलं, तुमी घड्याळ बघा.” काकूंनी पेढ्याचा पुडा तसाच मांडीवर ठेवला होता. “अर्ध्या तासात पाठ बधिर झाली गं माझी. वर तीन जाडजूड रजया आन् खालनं नुसता सुरा फिरल्यागत. उतरले आन् ह्यांच्यापुढं जाऊन उभी ऱ्हायले.”

“काय म्हणालात?”

काकूंनी एकवार गॅलरीकडं बघितलं आणि काकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

“म्हनलं, आत्याबाईंनी पांघरूण घातलं हुतं.”